तुम्ही मला उभं केलंत तो जामीन अर्ज

सर,

तुम्हांला जाऊन अकरा दिवस झाले. परवा बाररूममध्ये तुमची शोकसभा झाली. दोन्ही न्यायाधीश आले होते, पनवेलचे झाडून सगळे वकील होते, उरणहूनही काही जण आले होते. प्रत्येक जण "नाना म्हणजे" अशी सुरुवात करत होता. मग सेक्रेटरी म्हणाले, "शैलाताई, तुम्ही नानांच्या पहिल्या ज्युनिअर. दोन शब्द बोला." मी उठले. "सरांनी मला जामीन अर्ज लिहायला शिकवलं," एवढं म्हणाले आणि खाली बसले. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, माझा कंठ दाटून आला.

तसं नव्हतं, सर. मला राग आला होता. मेलेल्या माणसावर इतका राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. सात वर्षं आपण एकाच कोर्टाच्या व्हरांड्यातून ये-जा केली, समोरासमोर उभे राहून एकमेकांना 'माझे विद्वान मित्र' म्हणालो, आणि त्यापलीकडे शब्द बोललो नाही. मी मनाशी धरून बसले होते, की कधीतरी हे भांडण पुरं करायचं. तुम्ही ते अर्धंच ठेवून गेलात. आणि आता तर ते अर्धंही नव्हतं, असं कळलंय.

आधी तुमचं देणं मान्य करते, कारण ते खोटं नाही. अठ्ठ्याऐंशी साली मी सनद घेऊन तुमच्या ऑफिसात आले तेव्हा पनवेलच्या फौजदारी कोर्टात बाई वकील दिसत नव्हती. माझे वडील शाळेत हेडक्लार्क. ते तुमच्याकडे आले आणि म्हणाले, "हिला दिवाणी कामं द्या, चोराचिलटांची नकोत." तुम्ही त्यांना चहा दिलात आणि म्हणालात, "चोराचिलटांनाच वकील लागतो हो. साधूला कशाला लागेल?" वडील हसले आणि गेले. पहिल्या दिवशी तुम्ही मला पुस्तक दिलं नाहीत. मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात मागच्या बाकावर बसवलंत आणि सांगितलंत, "आज फक्त बघ. माणूस आत आणतात, तीन मिनिटांत त्याचं काय करायचं ते ठरतं. ती तीन मिनिटं बघ."

संध्याकाळी विचारलंत, काय पाहिलंस? मी कलमं सांगायला लागले. तुम्ही मान हलवलीत.

"कलमं पोलिसांनी लिहिलेली असतातच. जामीन म्हणजे सुटका नाही, शैला. खटला उभा राहायचाच आहे. प्रश्न एवढाच, की तोवर हा माणूस घरी राहील की तुरुंगात. हा पळून जाईल का? साक्षीदाराला हात लावील का? कागदावर आज याच्याविरुद्ध काय आहे? आणि याला आत ठेवून तपासाला काही मिळणार आहे का, की नुसताच राग काढायचाय? एवढं न्यायाधीशाला नीट सांगता आलं, तर तू वकील."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कर्नाळ्याकडचा तो कातकरी कोर्टात आणला होता, लाकूड चोरल्याच्या गुन्ह्यातला. जामीन केव्हाच मंजूर झाला होता, पण त्याला जामीनदार मिळेना, म्हणून सहा आठवडे आतच होता. ना रेशनकार्ड, ना सातबारा. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "साहेब, हा माणूस जन्मात पेणच्या पुढे गेलेला नाही. तो पळेल कुठे? त्याला त्याच्या स्वतःच्या शब्दावर सोडा." मॅजिस्ट्रेटनी त्याला जातमुचलक्यावर सोडलं. तो पुढची प्रत्येक तारीख चालत येऊन हजर राहिला. त्याच्याकडून तुम्ही काही घेतलं नाहीत. त्या दिवशी मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं, की मला माझं काम सापडलं.

म्हणून तर सर, पुढचं सहन होत नाही. तुम्ही नुसते लबाड असता, तर मी केव्हाच विसरून गेले असते.

एक्क्याण्णव साली कळंबोलीच्या लोखंड बाजारातली ती केस आली. ज्ञानू नावाचा माथाडी कामगार. ट्रकमध्ये लोखंडी प्लेटा चढवायच्या होत्या, साखळी नव्हती. महिनाभरापूर्वी अशाच कामात त्याच्या जोडीदाराचं पाऊल चिरडलं होतं. ज्ञानू म्हणाला, साखळी आणा, मग चढवतो. ट्रान्स्पोर्टवाल्याचा पुतण्या विलास तिथे होता. शब्दाला शब्द वाढला आणि विलासनं टायर काढायची टॉमी उचलून त्याच्या डोक्यात घातली. एकच फटका. ज्ञानू दहा दिवस बेशुद्ध होता. जगला, पण वाचा गेली, आणि त्या दिवसाचं त्याला काही आठवेना.

वीसेक माणसं तिथे होती. जो तो म्हणाला, माझी पाठ होती. पोलिसांना खरं सांगितलं ते एकटीनं. ट्रकतळाच्या कडेला चहाची टपरी चालवणारी हिराबाई. तिच्या नवऱ्याची शेती त्याच बाजारात गेली होती.

विलास आपला अशील. खुनाच्या प्रयत्नाचं कलम, म्हणून मॅजिस्ट्रेटनी जामीन नाकारला. तो नाकारणार हे ठरलेलंच होतं, पुढे अलिबागला सत्र न्यायालयात जायचं होतं. तुम्ही मला म्हणालात, "जागा बघून ये. टपरीतून दिसतं का ते बघ." मी गेले. दिसत होतं, अगदी लख्ख. हिराबाईनं मला चहा दिला. मी काही लपवलं नाही, आरोपीकडची वकील आहे म्हणून सांगितलं. ती हसली.

"असाव का. आमचे गावात बाई वकील कोनी बगितला नाय. प्या, प्या च्या. मी बगितला ता सांगनार. मना कुनाची भीती नाय."

मग बायकांचं जसं होतं तसं झालं. घरी कोण, मुलं किती. तिची मुलगी लग्नाची होती, चिरनेरच्या मुलाशी ठरलं होतं, मुलगा ट्रकवर ड्रायव्हर, नव्हाशेव्याच्या बंदरावर माल नेतो. माणसं चांगली, हुंड्याचं नाव काढलं नाही. ती सांगताना मोहरून गेली होती. माझंही तेव्हा घरात बघणं चाललं होतं. आम्ही दोघी हसलो.

संध्याकाळी ऑफिसात तुम्हांला सगळं सांगितलं. तुम्ही सहज विचारलंत, "बाईच्या घरी कोण कोण?" आणि मी सांगत गेले. लग्नाचं, चिरनेरचं, ड्रायव्हर जावयाचं. तुम्ही काही लिहून घेतलं नाहीत. नुसतं ऐकलंत आणि म्हणालात, "हा अर्ज अलिबागला तू चालवायचा."

तीन वर्षांची वकील मी. मला आभाळ ठेंगणं झालं.

आदल्या दिवशी तुम्ही तयारी करून घेतलीत. सरकारी वकील साक्षीदारावर जोर देणार, हे तुम्हीच सांगितलंत. "त्यावर एकच उत्तर. आरोपीला तालुक्याबाहेर ठेवतो म्हणायचं. कराडला त्याची मावशी आहे. खटला संपेपर्यंत तो तिथे राहील, दर सोमवारी तिथल्या ठाण्यात हजेरी लावील." मी विचारलं, "मावशी तयार आहे ना?" तुम्ही म्हणालात, "माझं बोलणं झालंय."

सकाळच्या एसटीनं आपण गेलो. वडखळपर्यंत तुम्ही डुलक्या काढत होता आणि मी ओठांतल्या ओठांत मुद्दे म्हणत होते. कोर्टात तुम्ही मागच्या रांगेत बसलात. सरकारी वकिलांनी तुम्ही सांगितलं होतं तेच मांडलं. साक्षीदार एकच, ती गरीब बाई, तिची टपरी आरोपीच्या ऑफिसपासून दोनशे पावलांवर, जखमी बोलू शकत नाही, आरोपीमागे पैसा आणि माणसं आहेत. मी उभी राहिले. टॉमी जप्त झाली आहे, जबाब झाले आहेत, तपासासाठी आरोपीची गरज उरलेली नाही. पूर्वीचा गुन्हा नाही. फटका एकच, दुसरा मारला नाही, तेव्हा जिवे मारायचा हेतू होता का हे खटल्यात ठरेल. राहता राहिला साक्षीदाराचा प्रश्न, तर आरोपी पनवेल तालुक्यात पाऊल ठेवणार नाही.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कराडच्या या घराची तुम्ही स्वतः खात्री केली आहे?"

मी केली नव्हती. तुम्ही केली होती, असं मी धरून चालले होते. आणि माझ्या लेखी त्या दोहोंत फरक नव्हता.

"हो, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी तिथेच आदेश सांगितला. गुन्हा गंभीर आहे. पण जामीन ही शिक्षा ठरवायची जागा नव्हे. आरोपी तालुक्याबाहेर राहणार असल्यानं साक्षीदारावर दबाव येण्याची भीती उरत नाही. म्हणून अटींवर जामीन मंजूर. त्या आदेशाचा खांब एकच होता, सर. माझं 'हो'.

परतताना तुम्ही म्हणालात, "आज तू वकील झालीस." खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा प्रवास होता.

महिन्याभरानं मी विलासला वडाळे तळ्यापाशी पाहिलं. मोटारसायकलला टेकून उभा होता. मला पाहून त्यानं हात जोडले, "नमस्कार मॅडम." मी धावत ऑफिसात आले. तुम्ही फाइलीतून मान वर न करता म्हणालात, "काही कामाला आला असेल. हजेरी लागतेय ना कराडला? मग झालं." मी गप्प बसले. त्या दिवशी मी सरकारी वकिलांकडे जाऊन एक वाक्य बोलले असते, तर त्याचा जामीन रद्द झाला असता. अशिलाविरुद्ध वकिलानं जायचं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला तुमच्याविरुद्ध जायचं नव्हतं.

दीड वर्षानं खटला उभा राहिला. ज्ञानूची बायको त्याला घेऊन रोज यायची. तो कोर्टाबाहेरच्या बाकावर बसायचा, मान एका बाजूला कललेली, आणि ती रुमालानं त्याचं तोंड पुसत राहायची. तिसऱ्या दिवशी हिराबाई पिंजऱ्यात आली.

"मी कायबी बगितला नाय," ती म्हणाली. "मी खाली वाकून कपबश्या धुवत व्हते. गलका झाला तवा वर बगितला."

सरकारी वकिलांनी तिला फितूर ठरवून उलटतपासणी घेतली. ती तेच सांगत राहिली. बोलताना तिनं विलासकडे एकदाही पाहिलं नाही. तुमच्याकडेही नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मी तुमच्या शेजारी मांडीवर फाइल घेऊन बसले होते.

जेवणाच्या सुट्टीत ती व्हरांड्यात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"ताई, माजे पोरीचा सगला मी तुमालाच सांगितला व्हता. दुसऱ्या कुनाला नाय."

विलास निर्दोष सुटला. ज्ञानूला घेऊन त्याची बायको घाटावर गावी गेली. त्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. विचारायला मला तोंड नव्हतं.

हिराबाईची साक्ष झाली त्या संध्याकाळचं आपलं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. ऑफिसात आपण दोघंच होतो.

मी विचारलं, "हिराबाईच्या मुलीचं विलासच्या माणसांना कोणी सांगितलं?"

"विलासच्या काकांनी विचारलं, बाई कोण, कशी. मी सांगितलं. अशील विचारतो तेव्हा सांगावं लागतं. पुढे त्यांनी काय केलं ते त्यांचं. मी कोणाला धमकावलेलं नाही."

"आणि कराडची मावशी?"

"मावशी आहे. घरही आहे."

"तो तिथे राहणार असा तुमचा विश्वास होता?"

तुम्ही चष्मा काढून पुसायला घेतलात.

"शैला, तो अर्ज मी चालवला असता, तर न्यायाधीशांनी मला आणखी चार प्रश्न विचारले असते. तिकडे मला तीस वर्षं ओळखतात. तुला एकच विचारला. तू बोलतेस ते खरं वाटतं, कारण तुला ते खरंच खरं वाटत असतं. ती ताकद आहे तुझ्यात. ती मी वापरली. पुढे तूही वापरशील."

तुम्हांला ते कौतुक वाटलं होतं. आणि मला कळलं, की ज्या दिवसाला मी माझ्या वकिलीचा जन्म समजत होते, त्या दिवशी तुम्ही माझा चेहरा भाड्यानं दिला होता. मी म्हणाले, "उद्यापासून मी येणार नाही." तुम्ही म्हणालात, "रागात ठरवू नकोस." मी रागात नव्हते, सर. तेव्हा मला नुसतं रिकामं वाटत होतं.

स्वतःची वकिली मी तुमच्याच शिकवणीवर उभी केली, ही आणखी एक गंमत. अजून अर्ज लिहायला बसले की तुमचेच चार प्रश्न त्याच क्रमानं येतात. त्यात भर एवढीच, की आरोपी कुठे राहणार असं कोर्टाला सांगायचं असेल, तर ते घर मी स्वतः जाऊन पाहते. गेल्या वर्षी एका घरासाठी सोलापूरपर्यंत जाऊन आले. बाररूममध्ये हसतात. तुम्ही हसला नाहीत म्हणे. कोणीतरी विषय काढला, तेव्हा तुम्ही उठून बाहेर गेलात.

आणि यंदा मार्चमध्ये तुम्ही व्हरांड्यात थांबून म्हणालात, "शैला, एकदा घरी ये." तुमचा कोट खांद्यावर लोंबत होता, इतके उतरला होता. मी म्हणाले, "आज तारीख आहे." तुम्ही म्हणालात, "आज नाही, कधीही." मी आले नाही. आजार इतका पुढे गेलाय हे मला माहीत नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही. माहीत असतं तरी आले असते की नाही, सांगता येत नाही. परवा तुमच्या घरी गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "रोज विचारायचे, शैलाचं आज कोणतं काम होतं बोर्डावर." मी काकूंपाशी रडले. तुमच्यासाठीच रडले, सर. ते खोटं नव्हतं.

पण काल मी कळंबोलीला गेले.

का गेले, ते नीट सांगता येणार नाही. शोकसभेत सगळे तुमच्या सचोटीबद्दल बोलत होते आणि मला एकसारखी हिराबाई दिसत होती. सात वर्षांत मी तिकडे फिरकले नव्हते. टपरी आहे तिथेच आहे, वर आता पत्रा आहे. तिचे केस पांढरे झालेत. तिनं मला लगेच ओळखलं, पण या-बसा म्हणाली नाही.

मी उभ्यानंच सांगितलं, "आमचे सर वारले."

"आयकला."

"तुमच्या मुलीचं मी त्यांना बोलले होते. सहज बोलले. त्यांनी ते विलासच्या काकांना सांगितलं, आणि काका तुमच्याकडे आले. मला हे आधीच येऊन सांगायला हवं होतं."

तिनं किटली खाली ठेवली.

"कोन काका? कोनी काका नाय आला. तुमचे नाना सोता आलते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"हितंच बसले. च्या पियाले. बोलले, शैलाताई सांगत व्हती पोरीचा लगीन ठरलाय, लय बरा झाला. बोलले, जावयाची नोकरी टिकली पायजे. बंदराला माल नेनारे समदे एकमेकांना वलखतात. येवराच बोलले न् गेले. गोड बोलत व्हते." तिनं एक कपबशी विसळली. "मना वाटला, तुमीच धाडलाव त्यांना."

सर, सात वर्षं मी तुमचं अर्धं उत्तर तरी खरं मानलं होतं. तुम्ही फक्त सांगितलंत, केलं दुसऱ्यांनी. एवढी जागा मी तुमच्यासाठी मनात ठेवली होती. तुम्ही चष्मा पुसत होता तेव्हा मला वाटलं होतं, तुम्हांला शरम वाटतेय, पण निदान खरं बोलताय. तुम्ही स्वतः गेला होता. आणि तिच्या बाकावर बसायला तुम्ही माझं नाव वापरलंत. न्यायाधीशांपुढे माझा चेहरा, हिराबाईपुढे माझं नाव. मार्चमध्ये मला हेच सांगायचं होतं का तुम्हांला? की नुसतं बघायचं होतं? मला आता कधीच कळणार नाही, आणि यासाठी मी तुम्हांला माफ करू शकत नाही. आज तरी नाही.

मी हिराबाईला म्हणाले, "मी नव्हतं धाडलं. देवाशप्पथ नव्हतं धाडलं."

तिनं किटली पुन्हा शेगडीवर ठेवली. मग विचारलं, "मंग मी कोर्टात बोलले, बगितला नाय, तवा तुमी तितंच व्हत्याव ना? तुमाला ठाव व्हता मी बगितलाय. तुमी का नाय उठलाव?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. वकील अशिलाविरुद्ध उठत नाही, तसा नियम आहे, आणि तो नियम बरोबरही आहे. तुम्ही असता तर दोन मिनिटांत तिला पटवून दिलं असतं. मी ते गिळलं.

"घाबरले," मी म्हणाले.

"कुनाला?"

"त्यांना."

समोरच्या ट्रकमधून प्लेटा उतरवत होते, त्या आवाजात बोलता येत नव्हतं. आवाज थांबला तेव्हा तिनं फडक्यानं बाक पुसला.

"मी पन," ती म्हणाली, आणि सरकून मला जागा केली.

मी बसले. तिची मुलगी चिरनेरला आहे, दोन मुलं आहेत, जावई अजून ट्रकवर आहे. हे सगळं तिनं मला सांगितलं, नावांसकट. तुमचं नाव त्यानंतर आम्ही दोघींनी काढलं नाही.